बसायला एक स्टूल

३ मार्च, मंगळ.
दहा तास उभी. साड्यांच्या काउंटरमागे बसायचं नाही, हा आमच्या दुकानाचा नियम. गिऱ्हाईक नसलं तरी. मुलुंड ते घाटकोपर बसमध्येही उभीच. घरी टाचा टेकवेनात. आईने गरम पाण्यात मीठ घालून बादली पुढ्यात ठेवली. पाय आत सोडले आणि... बस्स.
आई म्हणाली, "अगं, श्वास तरी घे."

५ मार्च, गुरु.
कांबळी मावशींना विचारलं, बावीस वर्षं याच काउंटरवर कशा उभ्या राहिलात?
"सवय होता गो. पायांक कोण इचारता?"
मग साडी जरा वर केली. पोटरीवर निळ्या गाठी. पटकन खाली सोडली.

६ मार्च, शुक्र.
शेठना विचारलं. गिऱ्हाईक नसताना बसलो तर?
"बाहेरून बघणाऱ्याला काय वाटेल? दुकान बसलंय?"
मी म्हटलं, दमलेली बाई साडी नीट दाखवत नाही. एवढं बोलायला नको होतं बहुतेक. शेठनी हिशोबाची वही उघडली. नोकरीची वाट लागली की काय! आईला सांगितलं नाही.

९ मार्च, सोम.
दुकान बंद. गार लादीवर चटई, वर पंखा. दोन तास आडवी. कुणी उठवलं नाही. झकास. तरी मध्येच शेठचा चेहरा...

११ मार्च, बुध.
शेठनी गोडाऊनमधून प्लास्टिकचं स्टूल मागवलं! "एकच. दोन ते चार. आळीपाळीने बसा. महिनाभर बघू."
आम्ही चौघी. कोणी बसेना. शेवटी मी मावशींना खांद्याला धरून बसवलं.
"अगो, गिऱ्हाईक इला तर?"
"मी आहे ना."
पाय जमिनीवरून किंचित उचलून धरले त्यांनी. डोळे मिटले. माझी पाळी कधी येऊन गेली, कळलंच नाही मला.

१३ मार्च, शुक्र.
मावशी बसलेल्या, तेवढ्यात एक बाई आल्या. मावशी धडपडत उठायला लागल्या. बाई म्हणाल्या, "बसा हो. बसूनच दाखवा."
मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी बसल्या बसल्या हिरव्या साडीचा पदर उलगडला, मांडीवरून काउंटरभर.
शेठ गल्ल्यावरून बघत होते. काय वाटलं त्यांना, कळलं नाही. चार वाजून गेले होते. स्टूल उचला, असं काही म्हणाले नाहीत.