चवळी, भात आणि डेलाबाईंचा पाला

हॉर्नबी, क्राइस्टचर्च
३० डिसेंबर २०२४

ती. सौ. कांचनमावशीस,
मृदुलाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतेय. आई गेल्यावर बाबांना इथे आणलं, पण मनाने ते अजून कुठेतरी वाटेतच आहेत. दोन घास खातात आणि उठतात. इथे सध्या उन्हाळा, संध्याकाळ संपता संपत नाही. तेवढा वेळ ते मागच्या अंगणात खुर्ची टाकून कुंपणाकडे बघत बसतात. आमची सिद्धी आजोबांशी इंग्रजीत बडबडते, त्यांना सगळं कळतं, बोलताही येतं, पण ते नुसती मान हलवतात.

काल मात्र नवल झालं. शेजारच्या डेलाबाई कुंपणाशी आल्या. मूळच्या अमेरिकेतल्या, साउथ कॅरोलायनाच्या. लग्न होऊन इथे आल्या, आता एकट्याच असतात. औषधं आमच्याच फार्मसीतून नेतात. मनगट मोडल्यामुळे हात प्लास्टरमध्ये आहे. त्यांच्याकडे वर्ष चांगलं जावं म्हणून एक जानेवारीला चवळी घातलेला भात आणि शिजवलेला पाला करायचाच असतो, आणि यंदा चिरायला हात नाही म्हणाल्या. मी तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले की मी येतो. मावशी, त्यांनी जन्मात कधी कोथिंबीर तरी निवडली आहे का? मला धाकधूक वाटतेय.

काकांना नमस्कार. माझ्यावर रागावत जा, पण लिहीत जा.
तुझी,
मृदुला

सातारा
३१ डिसेंबर

चि. मृदुलास अनेक आशीर्वाद.

पत्र मोठं करून करून वाचलं. भावोजी आणि सुरी, हे काही डोळ्यांसमोर येईना. ताई तापाने आजारी होती तेव्हा त्यांनी एकदा चहा केला होता. दूध उतू जाऊन गॅस विझला आणि ताई अंथरुणात पडल्या पडल्या हसत होती.

पण जाऊ दे त्यांना. ताई गेल्यापासून ते रडलेले नाहीत. इथून निघताना मी तिची आठवण काढली, तर उठून गॅलरीत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. माणूस असा आतल्या आत मिटत गेला की मला भीती वाटते. चवळी मात्र आधी भिजवायला सांग, नाहीतर दात दुखवून घेतील.

सिद्धीला पापा. सगळ्यांनी जिवाला जपा.
तुझी मावशी,
कांचन

हॉर्नबी
२ जानेवारी २०२५

चि. सौ. कांचन हिस,
चंद्रहासचे अनेक आशीर्वाद.

मृदुलाने तुझं पत्र वाचून दाखवलं. चवळी भिजवलेली होती, दात शाबूत आहेत.

काल सकाळी डेलाबाईंकडे गेलो. पाला त्यांच्याच बागेतला, कोबीच्या जातीचा, पण गड्डा न धरणारा. कॉलर्ड म्हणतात. पानं अळूएवढी. मधली शीर काढायची, पानं एकावर एक ठेवून गुंडाळायची आणि चिरायची. बाई खुर्चीवरून सांगत होत्या, मी करत होतो. माझ्यासाठी त्यांनी त्यात मांस घालू दिलं नाही. चवळी रटरटू लागली, वाफेने खिडकी धुकट झाली. आधी लांबचे डोंगर गेले, मग कुंपण गेलं. डोळे मिटून त्या त्यांच्या गावची खाडी सांगत होत्या, भरतीला गवतात शिरणारं पाणी, पाला खुडणारी बहीण. ती बहीण गेल्या वर्षी वारली, यांना जाता आलं नाही. ऐकता ऐकता आपण कुठल्या देशात आहोत हेच मला उमगेना.

त्यांनी चमचा पुढे केला. मी चव घेतली आणि मागे वळून मराठीत म्हणालो, मीठ कमी आहे गं. मागे कोणी नव्हतं.

बाईंनीही चव घेऊन पाहिली आणि मीठ सरकवलं. जरा वेळाने विचारलं, कोणाला सांगितलंत? म्हटलं, बायकोला. त्यांनी नाव विचारलं.

तुला ठाऊक आहे, मी तिला कधी नावाने हाक मारली नाही. अगं म्हटलं की ती यायची. नाव ओठांवर येईना. मग म्हणालो, श्यामला. बाईंना उच्चार जमेना, म्हणून पुन्हा सांगितलं. त्यांना जमेपर्यंत सांगत राहिलो, आणि जमल्यावरही सांगत राहिलो. डोळे पुसायला त्यांनी हातपुसणं दिलं. मग चवळीत तांदूळ घातले, झाकण ठेवलं आणि आम्ही दोघं बसून राहिलो.

पाला थोडा कडसर लागला. मी दोनदा वाढून घेतला.

कांचन, ती लग्नाआधी कशी होती ते मला लिही. काय खायची, कशावरून रुसायची. मला फार थोडं माहीत आहे.

तुझा,
चंद्रहास