नानाचा घोट

४ नोव्हेंबर
कंपनीच्या कामाला स्कॉटलंडला गेलेल्या रुपेशनं बापासाठी बाटली आणली. सिंगल माल्ट, लिमिटेड एडिशन. द्रौपदावहिनी घरात दारू ठेवू देत नाहीत, म्हणून नानानं ती माझ्या ताब्यात दिली. डॉक्टरांनी हात टेकलेत. मागतील ते द्या म्हणाले. नाना म्हणाला, एकच घोट घ्यायचाय भगवंता, रविवारी पोरगं पुण्यावनं आलं की तिघं बसू. थोरल्या भावाचा विश्वास आहे. मी दारू सोडलीय हे सगळ्या पेठेला माहीत आहे.

५ नोव्हेंबर, सायंकाळ
सील तपासलं. तपासताना उघडलं. आजारी माणसाच्या पोटात जाणारी वस्तू आधी कुणी चाखायला नको? कॉलेजच्या लॅबमध्ये जन्म गेला माझा. मोजनळीनं पंधरा एमएल. धूर, मध, शेवटी ओली माती. हे पिणं नव्हे, टेस्टिंग.

७ नोव्हेंबर
परवाची चव नीट नोंदवली गेली नव्हती. पुन्हा घेतली. नळी धुवायचा कंटाळा आला, म्हणून ग्लासानं.

१० नोव्हेंबर
रुपेश आला. नानाला उशीला टेकवून बसवलेलं, अंगात नवा शर्ट. बाटली निम्म्यावर, नेणार कशी? सांगितलं, असली वस्तू घरात आणल्यावर थोडी मुरू द्यावी लागते, तिकडची पद्धतच आहे. रुपेश माझ्याकडे बघत राहिला. नाना म्हणाला, मुरू दे की, तवर मी बी मुरतो. सगळे हसले. मीही हसलो.

१४ नोव्हेंबर
निर्धार. आता थेंब नाही. उरली ती नानाची. घोट तो असून असून केवढा? तेवढी आहे.

१७ नोव्हेंबर
वहिनींचा फोन. म्हणाल्या, भाऊजी, घेऊनच या आता. लई आठवण काढत्यात. देव्हाऱ्यावर पडदा वढलाय, मीच चमच्यानं पाजते. लगेच निघालो. पण हात थरथरत होता. अशा हातानं भावापुढं जाणं बरं दिसत नाही. हात स्थिर होईल एवढीच घेतली. मग झोप लागली.

१८ नोव्हेंबर
उठलो तर बाटली आडवी. कोरा चहा करून भरला. रंग हुबेहूब. नाहीतरी त्याला चव कळत नाही, आणि दारूपेक्षा चहा केव्हाही चांगला. चपला घालतोय तोच शेजारून वहिनींचा हंबरडा ऐकू आला.

२७ नोव्हेंबर
नदीवर दहावा. पिंडाला कावळा शिवेना. वहिनी म्हणाल्या, घराकडं बघते, काळजी करू नका. रुपेश म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळे बाभळीवरून हलले नाहीत. सावळेराम भावकीतला, तो बोलला, आरं त्यो घोट राह्यलाय त्येंचा. मला बाटली आणायला पिटाळलं. आणली. न आणून काय करतो?

रुपेशनं बूच काढलं. आंबलेला वास आला. चहावर बुरशी धरली होती. त्यानं बूच परत लावलं आणि हळूच म्हणाला, काका, एक घोट तरी ठेवायचा होता.

मी पुढं झालो, हात जोडले, मोठ्यानं म्हणालो, नाना, आजपासून दारू सोडली. कावळा तर नाहीच, माणूससुद्धा हललं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

नाना माझी वाट बघत गेला. रडू आवरत नाही. स्टँडजवळचं दुकान नऊला बंद होतं. साडेआठ झालेत.