टाकीवाल्यांची कयाक

२८ जानेवारी, मंगळवार
पहिली कयाक आज साच्यातून सुटली. सुटताना असा काडकन आवाज झाला की शेजारच्या गाळ्यातले लोक डोकावून गेले. इतकी वर्षं भोसरीत फायबरच्या टाक्या, कूलरचे डबे, बसच्या सीटा केल्या, आता ही एकट्याने वल्हवायची नाव, लांबनाकी बया. पिवळीधम्मक. चाकणच्या पलीकडे धरणावर कॅम्प आहे, त्याला अशा चार हव्यात.

मुक्ता आकुर्डीहून कॉलेज सुटल्यावर थेट आली, चपला काढून कयाकीत बसली. फरशीवरच. बापलेकीचं भांडण अजून चालूच. अनिलला बूड सपाट हवं होतं, सपाट डबा हलत नाही म्हणून. मुक्ताचं म्हणणं, सपाट बूड संथ पाण्यात शहाणं, पण लाट आली की लाटेबरोबर तिरकं होतं आणि माणूस उलटा. गोल बूड आधी डुचमळतं, मग लाटेत आपलं ऐकतं. झालं तिच्याच आखणीप्रमाणे. अनिल फुगलाय. पण जाता-येता त्या बुडावरून हात फिरवतो, मी पाहिलं.

१ फेब्रुवारी, शनिवार
दुसरी आणि तिसरी झाली. वरचा भाग आणि खालचा भाग आतून जोडायचा तो सांधा माझ्याकडे. बसायच्या भोकातून कमरेपर्यंत आत शिरायचं, काठीला बांधलेल्या ब्रशने टोकापर्यंत फायबरची पट्टी आणि ती चिकटवणारं रेझिन. अनिलचे खांदेच आत जात नाहीत. गाळ्यातल्या बबनदादांचं पोट अडतं. बाहेर आले की वासाने डोकं गरगरतं, चहा कडू लागतो.

जेवताना मुक्ता सांगत होती. बर्फाच्या मुलखात कयाक म्हणजे लाकडाहाडांचा सांगाडा आणि वर सीलचं कातडं. ज्याची त्याच्या मापाची. हात पसरून होतात त्याच्या तिप्पट लांब, कमरेहून दोन मुठी रुंद. लगेच अनिलचं माप घेतलं. "बाबा, तुम्हाला तराफाच बांधायला लागेल." मग म्हणाली, ते कातडं बायका शिवायच्या. पाणी शिरणार नाही अशी शिवण. नवरे, मुलगे त्यात बसून समुद्रात शिकारीला जायचे.

शिवण बाईची आणि आत बसणार तिचं माणूस. भांडी घासताना तेच डोक्यात.

५ फेब्रुवारी, बुधवार
चौथी झाली. चारही दिसायला एक. नंबर टाकायचे राहिले, स्टिकर यायचेत.

रविवारी मुक्ताचा कॉलेजातला कयाक क्लब धरण पार करणार, या काठावरून त्या काठाला आणि परत. आपल्या दोन पाण्यात उतरतील. एकीत मु., दुसरीत तिचे सर. बाकीचे कॅम्पच्या जुन्या प्लास्टिकच्या नावांत.

उद्या गुरुवार, गाळा बंद. गोधड्या धुवायच्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आज झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी गाळ्यात पाऊल टाकलं तर बबनदादा हसतमुख. पहिली टाकी ज्यांनी आमच्याबरोबर साच्यातून ओढली ते हे दादा, मूळचे भोसरी गावातले. म्हणाले, "वहिनी, काळजीच न्हाई. येक भरून ठिवली व्हती. बुधवारी सांजच्याला काठोकाठ भरली, आज पहाटं मोकळी केली. थेंब गळला न्हाई."

टाकी आपण अशीच तपासतो. भरायची, ठेवायची, खाली ओल दिसते का बघायचं. दादांनी तेच केलं, आणि मन लावून केलं.

पण टाकीचं बूड जमिनीवर टेकलेलं असतं. ही दोन लाकडी घोड्यांवर, दोन टोकांना टेकवलेली, पोट अधांतरी. आत तीन-साडेतीनशे लिटर पाणी, सगळा भार मधल्या सांध्यावर. धरणात पाणी बाहेरून दाबतं, सांधा मिटतो. इथे आतून फाकवलं, दीड दिवस. थेंब गळला नाही म्हणजे सांधा धरून आहे असं नव्हे. उकललेला सांधा लाटेत वाकून वाकून मग सुटतो. काठावर नाही, मध्यात.

विचारलं, कुठली भरली? "दाराकडनं दुसरी." आणि मी यायच्या आधीच अनिलने स्टिकर लावायला चारही उन्हात काढून परत आत ठेवलेल्या. कशा क्रमाने, त्याला आठवत नाही.

मी ओरडले. दादांवर, सगळ्यांसमोर. ते एवढंच म्हणाले, "आमी टाक्या करीत आलो, वहिनी." दुपारी डबा घेऊन एकटेच बाहेर टेम्पोच्या सावलीत बसले. मला वाईट वाटलं आणि रागही गेला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
सकाळपासून दहाचं नाणं घेऊन चारही सांधे वाजवत बसले. वरून पिवळा रंग, आतून करडा, डोळ्याला काही दिसत नाही. सांधा घट्ट असला की टणटण, सुटला असला की ठप्प. आधी कान तयार व्हायला वेळ गेला. मग शेजारची लेथ बंद करायला लावली. ते लोक वैतागले, पण केली.

एकीत, उजव्या अंगाला, मांडीशेजारी, वीतभर ठप्प. दुसऱ्यांदा ठप्प. अनिलनेही ऐकलं.

दादांना बोलावलं. त्यांनी बोट ठेवलं ते भलतीवर. "हीच. हिच्या नाकाशी रंगाचा वघळ हाय, माझ्या ध्यानात हाय." नाणं त्या कयाकीत सगळीकडे टण.

आता खरं कोण? मला सापडलेला ठप्प म्हणजे कदाचित माझीच पट्टी तिथे नीट बसली नसेल, पाण्याचा संबंधच नसेल. मग दादा म्हणतात ती भरलेली, आणि तिचा सांधा नाण्याला फसवतोय.

अनिल म्हणाला दोन्ही बाजूला काढा. काढल्या. उरल्या दोन. त्या आडव्या धरून, आत शिरून पुन्हा एकेक पट्टी चढवली. रात्रीपर्यंत वाळेल. मुक्ताला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

म्हटलं, तू प्लास्टिकची घे.
"ती वाऱ्यात वळत नाही गं. आणि तिची तरी कुणी खात्री दिलीय?"
मग रविवार सोड.
ती म्हणाली, "आई, दोन बाजूला काढल्या. उरलेल्या दोनवर तुझा भरवसा आहे का, तेवढं सांग. नाही म्हणालीस तर नाही जाणार."

म्हटलं आहे.

दादा तिथेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

झोप नाही. भरवसा आहे. आहेच.

९ फेब्रुवारी, रविवार
धरणाचा काठ. चाकणच्या चौकात टेम्पो अडकला, उशीर झाला. अनिल कॅम्पवाल्याशी बोलतोय, माझ्याच्याने बोलवत नाही म्हणून ही वही काढली. पर्समध्ये होती.

दादा न सांगता आले. जावयाच्या गाडीवर मागे बसून. म्हणाले, "पोरीला पान्यात घालनार आन मी घरी बसू व्हय?" येताना डब्यात थालीपीठ. अजून कोणी खाल्लं नाही.

आधी मु.च्या सरांनी दोन्ही नावा काठाकाठाने फिरवल्या. परत आणून उलट्या केल्या. आत पाणी नाही, वल्ह्यावरून ओघळतं तेवढंच. सगळ्यांची लाइफ जॅकेट बांधलेली मी स्वतः ओढून बघितली. मु. वैतागली. दोरीवर हात ठेवून म्हणाली, "आई, बास."

सुटले. सहा नावा. आमच्या दोन पिवळ्या, बाकी लाल. सुरुवातीला गोल बूड डुचमळलं, अनिलने माझं मनगट धरलं. मग सरळ झाली. छान चालवते. कोणी शिकवलं हिला एवढं. मान ताठ, खांदे सैल.

थोड्या वेळाने
पलीकडच्या काठाला लागले. टोप्या हलवताना दिसल्या. दादांनी श्वास सोडला, मीही. थालीपीठ तोडलं, अर्धं त्यांना दिलं. म्हटलं, दादा, परवा मी फार बोलले. ते म्हणाले, "बोलायला पायजेलच व्हतं." आणि मग, "ते नाणं कसं वाजवायचं त्ये दावा मला येकदा." पर्समधून काढून दिलं. खडकावरच वाजवत बसलेत.

परत निघाले
वारा सुटलाय. समोरून नाही, आडवा. पाण्यावर पांढरे काठ. मुक्ता म्हणायची तीच लाट, बाजूने येणारी. आता बूड ऐकतं का ते कळणार. बूड तिचं, सांधा माझा.

त्या बर्फातल्या बायका काठावर उभं राहून काय करत असतील, ते मुक्ताला विचारलं होतं. म्हणाली, ते कुठे वाचलं नाही.

लाल ठिपके मोजले. चार. पिवळा एक. पुन्हा मोजले. पिवळा एकच.

अनिल म्हणतो, सर तिच्या आडोशाला चालवत असतील, नाहीतर ती त्यांच्या. एकामागे एक आल्या की एकच दिसते. असेल. कॅम्पवाला दुर्बीण आणायला आत गेलाय, पळत नाही, चालतच गेलाय. त्याचा मला राग येतो.

दादांनी नाणं माझ्या हातात परत ठेवलं. चपला काढून हातात घेतल्या आणि पाण्यात गुडघ्यापर्यंत गेलेत, डोळ्यांवर हात धरून. मीही उठते.