आत्याचा अंगठा आणि माझी हिरवी टेस्ट

सोमवार, ४ मार्च
आजपासून एकही टेस्ट ढकलून पास करायची नाही. डोळ्यांच्या हॉस्पिटलची साइट शुक्रवारी सुरू होणार. पेशंट फोनवरून तारीख निवडतो, बटण दाबतो, नोंदणी होते. माझे प्रोग्राम हेच सगळं पेशंटच्या वतीने करून बघतात. जमलं तर हिरवं, नाही तर लाल. सगळं हिरवं. एक लाल.
लाल टेस्टचं नाव: लहान स्क्रीन, मोठी अक्षरं. कारण: 'आम्ही तुमच्या माहितीची काळजी घेतो' ही पट्टी नोंदणीच्या बटणावर येऊन बसते. यंत्र म्हणतं, बटण झाकलेलं आहे, दाबणार नाही. यंत्राचं बरोबर आहे.

मंगळवार, ५ मार्च
डेव्हलपरला सांगितलं. त्याला आम्ही 'होऊन जाईल' म्हणतो, कारण तो दुसरं काही म्हणत नाही. तो म्हणाला, होऊन जाईल. शिवाय एवढी मोठी अक्षरं कोण ठेवतं, असंही विचारलं. मी म्हटलं, डोळ्यांचे पेशंट. त्याने हसून कानाला हेडफोन लावले. मी लेखी तक्रार नोंदवणार आहे. उद्या.

शुक्रवार, ८ मार्च
तक्रार नोंदवायची राहिली. टीम लीड सकाळपासून खुर्चीमागे उभी. एका टेस्टपायी साइट अडणार का, एवढंच विचारायची, पण दर वेळी.
फोर्स क्लिक लावला. म्हणजे यंत्राला सांगायचं, वर काहीही बसलेलं असो, तू थेट बटणालाच हात घाल. यंत्राला पट्टीच्या आरपार हात घालता येतो. टेस्ट हिरवी. बाजूला शेरा लिहिला: 'तात्पुरतं.' शेरा लिहिला की लबाडी राहत नाही, नोंद होते.
साइट सुरू झाली. लीडने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी पाणी प्यायला उठले.
सोमवारी फोर्स काढायचा.

मंगळवार, १२ मार्च
सोमवार मीटिंगमध्ये गेला.
आत्याचा फोन. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. सुईत दोरा जात नाही, शेजारीण ओवून देते. आत्याचं सगळं शिवणकामावर चालतं. डॉक्टर म्हणाले याच महिन्यात ऑपरेशन करून घ्या. आणि हॉस्पिटल आता तारखा फक्त साइटवरूनच देतं. तिने काउंटरवर सांगून टाकलंय की साइट माझ्या भाचीने केली. मी म्हटलं, केली नाही, तपासली. ती म्हणाली, मग तर काळजीच नाही.

गुरुवार, १४ मार्च
आत्या म्हणते बटण दाबलं जात नाही. "चाळीस वर्षं बटणं लावली गं, आता एक दाबता येईना."
माझ्या लॅपटॉपवर उघडून बघितलं. दाबलं जातं. टेस्ट बघितली. हिरवी. दोन पुरावे विरुद्ध एक अंगठा. तिला सांगितलं, अंगठा कोरडा करून नेमका मधोमध टेकव, घाई करू नकोस. हे सांगताना आवाज एकदम शांत होता. मला माझ्या त्या आवाजाचा राग येतो.

रविवार, १७ मार्च
आत्याकडे जायचं ठरवलं होतं. बस थेट आहे. पण कपाट आवरायला काढलं. आवरलेल्या कपाटात आणखी काय आवरायचं हा प्रश्न होता, वेळ लागला.
मीच इथून नोंदणी करून दिली असती. पण मग ती कधी शिकणारच नाही. माणसाने स्वावलंबी असावं. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं.
उद्या फोर्स काढणे. नक्की.

बुधवार, २० मार्च
आत्या सराव करते आहे. सकाळी काम सुरू करण्याआधी अंगठा पदराला पुसून बटण दाबत बसते. हे तिने अभिमानाने सांगितलं. या महिन्याच्या तारखा संपत आल्यात हे तिने सांगितलं नाही. ते मला साइटवर दिसलं.
फोर्स काढायला फाइल उघडली. 'तात्पुरतं' हा शेरा वाचला. बंद केली. अशा मनःस्थितीत कोडला हात लावणं धोक्याचं असतं.

शनिवार, २३ मार्च
गेले एकदाची. खिडकीपाशी मशीन. बाजूच्या उशीवर ओवलेल्या सुया ओळीने टोचलेल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. शेजारीण सकाळी दिवसभराच्या ओवून जाते.
फोन हातात घेतला. अक्षरं एवढी मोठी की स्क्रीनवर जेमतेम चार शब्द. आणि बटणावर ती पट्टी. आम्ही तुमच्या माहितीची काळजी घेतो. पट्टी बंद करायची फुली स्क्रीनच्या बाहेर. मी दाबलं. अंगठा पुसून दाबलं. मधोमध दाबलं.
"तुलाही जमत नाही का गं?" आत्याने विचारलं. तिला बरं वाटल्यासारखं झालं.
मी म्हटलं, फोन जुना झालाय.
ती म्हणाली, मग नवा घेऊ का. मी म्हटलं, एवढ्यात नको. नंतर अक्षरं लहान करून मीच नोंदणी करायला बसले, तर मार्चच्या तारखा संपलेल्या आणि पुढच्या अजून उघडलेल्या नाहीत. अक्षरं पुन्हा मोठी करून ठेवली. तिने मला लाडू दिला. मी खाल्ला. दुसराही खाल्ला.

सोमवार, २५ मार्च
फोर्स काढला. टेस्ट लाल. लीड धावत आली, कालपर्यंत हिरवं होतं, कोणी मोडलं? 'होऊन जाईल'ने एक ओळ बदलली, पट्टी खाली सरकली, टेस्ट हिरवी. चहा गार व्हायच्या आत. म्हणाला, बघ, म्हटलं होतं ना.
मग लीडने सगळ्यांना लिहून कळवलं की एवढी बारीक चूक फक्त माझ्याच नजरेला पडू शकते. अंगठे वर आले, ऑफिसातल्या प्रत्येकाचा एक. मी उत्तरात 'धन्यवाद' लिहिलं. दुसरं काही लिहायला घेतलं होतं, पण ते लांबत चाललं होतं.

गुरुवार, २८ मार्च
पुढच्या तारखा आज उघडल्या. आत्याचा फोन. नोंदणी झाली. तिने स्वतः केली. अकरा जून. त्याआधीच्या सगळ्या तारखा उघडताच भरल्या. बारीक कामाचे कपडे तिने गिऱ्हाइकांना परत केलेत, फक्त सरळ शिलाई ठेवलीय. हे सगळं आधी उरकून मग मुख्य गोष्ट सांगितली.
"सराव केला की जमतं बघ. तुझंच बरोबर होतं, माझा अंगठाच नीट पडत नव्हता."
मी तोंड उघडलं. म्हटलं, "छान झालं, आत्या."
ती म्हणाली, तू होतीस म्हणून.
ऑफिसातून निघण्याआधी सगळ्या टेस्ट एकदा चालवल्या. सगळ्या हिरव्या. कुठेही फोर्स नाही. माझं काम चोख आहे.
आत्याला खरं काय ते सांगणार आहे. जूनमध्ये, ऑपरेशन झालं की, डोळा नीट बरा झाला की. आत्ता तिला उगाच ताण नको.
तात्पुरतं.