माझ्या कढईतला इलिश

निमाई,

सकाळी माझी कढई घासायला घेतली, तर तळाला इलिश माशाचा काटा चिकटलेला. विधवा बहिणीच्या शाकाहारी चुलीवर मासा तळलास, लाज नाही वाटली? तुझ्या बायकोला, शेफालीला विचारलं तर म्हणते, "मांजर आलं असेल, दीदी." मांजर मोहरीच्या तेलात तळून खातं होय!

डॉक्टरनं तुझं हृदय दुबळं झालंय, तळलेला मासा बंद म्हणून सांगितलं, तेव्हा तूच रडत आलास, "दीदी, तुझ्या पानातलं मलाही वाढ." त्याआधी माझ्या जेवणाला विधवेचा चारा म्हणायचास. तरी महिनाभर केळफूल सोलून बोटं काळी केली मी.

मी शांतीपूरला जावेकडे चाललेय. कढई नेलीय. दुधी चिरून ठेवलाय. साल फेकू नका, खसखस घालून परता, शेफालीलाही जमेल.

आणि ऐक, गाढवा. माझ्या तेविसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा विधवेनं मासा खायचा नाही म्हणून बाबांनी माझ्या पानातला इलिश उचलला. मला कुणी विचारलं नाही. अजून वास आला की तोंडाला पाणी सुटतं. मी मेलेल्या माणसापायी सोडला, तुला जित्या शेफालीसाठी सोडवत नाही?

दीदी