भाकरी माझी, सल्ला तिचा

सोम., ६ जाने.
सचिनचं पोट पुन्हा गच्च. डॉक्टरांकडे ओढून नेलं. रक्त पडत नाही, वजन उतरलं नाही, मग घाबरू नका म्हणाले. रोजचं चूर्ण बंद. पाणी, पालेभाजी, चालणं, आणि कळ आली की दाबायची नाही. हेच मी लग्नापासून सांगतेय. पण चाकणची बस सुटेल म्हणून हा तसाच पळतो, आणि कंपनीतल्या संडासात जायला लाज वाटते!

गुरु., ९ जाने.
डब्यात ज्वारीची भाकरी दिली. तशीच परत. म्हणे, सगळे चपाती आणतात.

बुध., १५ जाने.
आज स्वतःहून भाकरी मागितली. उठल्यावर पाणीही प्यायला. मी खुश. मग कळलं, कंपनीच्या क्वालिटी विभागातल्या दीपाली मॅडम म्हणाल्या, "सर, भाकरी खात जा, गजर थोडा आधी लावा." सर! अंगाचा तिळपापड झाला. चटके मला, आणि गुण तिचा.

शनि., १८ जाने.
पोट साफ. बाथरूममधून शीळ ऐकू आली. आणि बाहेर येऊन आधी मेसेज कोणाला? मॅडमना! जळतेय मी. हो, जळतेय. पपई कापलीच नाही.
संध्याकाळी कापली. राग त्याच्यावर, पोटावर कशाला काढू.

रवि., २६ जाने.
दीपाली नवऱ्याला, प्रशांतभाऊंना, घेऊन चहाला आली. दिसायला बरी आहे, काय करणार. ओट्याजवळ हळूच म्हणाली, "वहिनी, आमच्या ह्यांनाही हाच त्रास. माझं एक ऐकत नाहीत हो. तुम्ही सांगून बघा ना."
सांगितलं. पालेभाजी वाढवा, पण हळूहळू, नाहीतर पोट फुगेल. जोडीला पाणी. जेवल्यावर एक चक्कर. प्रशांतभाऊ मान डोलावत होते. "बरोबर आहे तुमचं, वहिनी." किती वर्षांनी ऐकलं हे वाक्य! जाताना माझा नंबर घेऊन गेले.

गुरु., ३० जाने.
सकाळीच प्रशांतभाऊंचा मेसेज: वहिनी, जमलं!! मी लिहिलं, आज पेरू खा.
सचिन : कोणाचा गं?
सांगितलं.
"त्याला हे तुला कळवायची काय गरज?"
पाणी प्यायला नाही. भाकरी ओट्यावर ठेवून गेला. बसला अजून वेळ होता, तरी बाथरूमकडे फिरकलासुद्धा नाही. मला आधी हसूच आलं. पण आता ह्याचं पोट पुन्हा अडलं तर समजूत कोणी काढायची, मी की तिने?