बाबांच्या दगडावरची अक्षरं

दादा,

बाबांच्या स्मृतीच्या दगडावरची अक्षरं तू कोरलीस, हे मी कुणाला सांगत नाही. बारा वर्षं छिन्नी घेऊन त्यांच्या कारखान्यात मी राबले, आणि जाताना ते म्हणाले, "माझं नाव थोरल्याला कोरू दे." तू आलास, दार लावून चार दिवसांत कोरलंस आणि गेलास. मग मी एकेका अक्षरावरून बोट फिरवून चूक शोधली. एकही सापडेना, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या. त्यांची मुलगी वारली होती. बाबांचा दगड बघून म्हणाल्या, "अशीच अक्षरं हवीत. कुणी कोरली?"

मी बेधडक म्हणाले, "मीच."

तेव्हापासून तीन दगड वाया घालवले. माझी अक्षरं ठसठशीत येतात, पण तुझ्यासारखी हलकी काही केल्या येत नाहीत. काल त्या बघायला आल्या आणि माझा दगड पाहून पुन्हा बाबांच्या दगडापाशी गेल्या. एका गेलेल्या मुलीच्या नावावर खोटं रेटायला माझी जीभ धजेना. म्हटलं, "ती अक्षरं माझ्या भावाची आहेत."

वाटलं, चिडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मग त्यांचा पत्ता द्या."

दिला.

आता त्याच तुला लिहितील, म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तू येशीलच. ये, दगड घासून ठेवते. फक्त "तूही छान कोरतेस" असं म्हणू नकोस. आणि कोरताना दार लावून घेऊ नकोस. तुझा हात कसा चालतो, ते मला बघायचंय.

तुझी धाकटी